गांजा, मेहनत आणि रक्तातली संप्रेरके

सातारा-सांगली भागातल्या तालमींत, व्यायामशाळांत आणि यवतेश्वरच्या घाटात पहाटे धावणाऱ्या भरतीच्या मुलांत हल्ली खुराकाइतकेच टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाविषयीही (हार्मोनविषयीही) बोलले जाते. गांजाने अंगातला जोर जातो, असे जुने वस्ताद बजावतात. तर त्याने थकवा उतरतो, झोप लागते आणि अंगावर काही परिणाम होत नाही, असे मोबाइलवर वाचून आलेला एखादा मुलगा सांगतो. दोन्ही म्हणणी अपुरी आहेत. टेस्टोस्टेरॉनच्या एका आकड्यावर या प्रश्नाचा निकाल लावता येत नाही, कारण गांजाचा परिणाम संप्रेरकांना हुकूम देणाऱ्या यंत्रणेवर, शुक्राणूंवर, मासिक पाळीच्या चक्रावर आणि ताण पेलण्याच्या शक्तीवर अधिक शोधावा लागतो.

मेंदूतील हायपोथॅलॅमस हा छोटा भाग ठरावीक अंतराने पीयूषिका ग्रंथीला संदेश पाठवतो, पीयूषिका ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरके रक्तात सोडते आणि त्यांच्या सांगण्यावरून पुरुषांच्या वृषणात किंवा स्त्रियांच्या अंडाशयात पुढचे काम चालते. नदीची पातळी पाहून धरणाचे दरवाजे वर-खाली करावेत, तसे रक्तातील टेस्टोस्टेरॉन वाढले की वरून येणारा हुकूम मंदावतो आणि ते घटले की पुन्हा जोर धरतो. गांजातील टीएचसी हे नशा आणणारे द्रव्य १९६४ मध्ये इस्राएलमध्ये राफाएल मेशूलम आणि येहिएल गाओनी यांनी शुद्ध स्वरूपात वेगळे केले, आणि ते मेंदूतील पेशींवरच्या ज्या ग्राहकाला (रिसेप्टरला) जाऊन चिकटते त्या सीबी-१ चा शोध १९८८ मध्ये लागला. हे ग्राहक हायपोथॅलॅमसमध्ये आहेत आणि वृषण व अंडाशयातही आहेत. त्यामुळे टीएचसीला वरून हुकूम देणाऱ्या आणि खाली तो पाळणाऱ्या अशा दोन्ही ठिकाणी हात घालता येतो.

टेस्टोस्टेरॉनविषयीचा वाद १९७४ मध्ये पेटला. कोलोडनी या अमेरिकी संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी आठवड्यातून किमान चार दिवस गांजा ओढणाऱ्या २० तरुणांचे रक्त तपासले, तेव्हा त्यांच्यात टेस्टोस्टेरॉनची सरासरी १०० मिलिलीटरला ४१६ नॅनोग्रॅम भरली, तर न ओढणाऱ्यांत ती ७४२ होती. त्याच वर्षी मेंडेलसन यांच्या गटाने २७ निरोगी पुरुषांना देखरेखीखाली ठेवून २१ दिवस भरपूर गांजा ओढू दिला, आणि त्यांच्यात घट आढळली नाही. पहिल्या अभ्यासातला ४१६ हा आकडासुद्धा निरोगी पुरुषाच्या मर्यादेतच बसतो, ही गोष्ट वाद घालणारे सहसा सांगत नाहीत. डेन्मार्कमध्ये सैन्यभरतीच्या तपासणीसाठी आलेल्या १,२१५ तरुणांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गांजा ओढणाऱ्यांचे टेस्टोस्टेरॉन उलट थोडे जास्तच निघाले, आणि सिगारेट ओढणाऱ्यांतही तसेच दिसले. हे वाचून कोणी गांजाने ताकद वाढते असा अर्थ काढू नये, कारण वाढलेला आकडा आणि वाढलेली ताकद या वेगळ्या गोष्टी आहेत.

व्यायाम करणाऱ्यांच्या बाबतीत हा हिशेब आणखी बिकट होतो. तरुण पुरुषाचे टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असते आणि दुपारनंतर बरेच उतरते. जड वजने उचलल्यावर ते काही काळ चढते. पण महिनोन्‌महिने लांब पल्ल्याची धाव आणि त्या मानाने अपुरे खाणे चालू राहिले, तर ते सतत खालच्या पातळीवर राहू शकते. कुस्तीआधी वजन तोडणारा पैलवान अर्धपोटी राहतो, घाम गाळतो, रात्री नीट झोपत नाही, आणि या तिन्ही गोष्टी टेस्टोस्टेरॉन उतरवतात. अशा मुलाने संध्याकाळच्या मेहनतीनंतर रक्त दिले आणि आकडा कमी आला, तर त्याचे खापर गांजावर फोडणे किंवा गांजाला निर्दोष ठरवणे, दोन्ही चुकीचे ठरेल. तपासणी करायचीच असेल तर ती सकाळी उपाशीपोटी, आदल्या दिवशी विश्रांती घेऊन करावी, कमी आकडा आला तर वेगळ्या दिवशी पुन्हा करावी आणि सवयीविषयी डॉक्टरांना खरे सांगावे.

शुक्राणूंच्या बाबतीत मात्र पुरावा अधिक ठळक आहे. त्याच डॅनिश अभ्यासात आठवड्यातून एकदापेक्षा जास्त वेळा गांजा ओढणाऱ्यांत शुक्राणूंची घनता २८ टक्क्यांनी आणि एकूण संख्या २९ टक्क्यांनी कमी होती. अशा निरीक्षणातून कार्यकारणभाव पक्का होत नाही, हे खरे. पण अमेरिकेत ऱ्हीसस माकडांना खाण्यातून टीएचसी दिल्यावर त्यांचे वृषण आकसले, टेस्टोस्टेरॉन घटले आणि पीयूषिका ग्रंथीची संप्रेरके वाढली, म्हणजे हुकूम जोराने येत असूनही वृषण तो पाळू शकत नव्हते. भांग ही खाण्यापिण्याची गोष्ट असल्याने ती निरुपद्रवी आहे, असे मानणाऱ्यांनी या प्रयोगाकडे लक्ष द्यावे. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात. त्यामुळे सवय सोडली तरी फरक दिसायला दोन-अडीच महिने तरी जावे लागतात.

स्त्रियांविषयीचे संशोधन फार थोडे झाले आहे, आणि माण-खटावच्या रस्त्यांवर धावणाऱ्या मुलींचा विचार करता ही उणीव मनाला लागते. १९८६ मध्ये मेंडेलसन यांच्याच गटाला आढळले की, पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात गांजाची एक सिगारेट ओढल्यानंतर स्त्रियांमधील एलएचची पातळी सुमारे ३० टक्क्यांनी उतरते. एलएचवर बीजमोचन अवलंबून असल्याने ही घट किरकोळ म्हणता येत नाही. त्यातच जास्त मेहनत आणि कमी खाणे यामुळे खेळाडू मुलींची पाळी लांबते किंवा थांबते, इस्ट्रोजेन घटते आणि हाडे ठिसूळ होऊन पायाच्या हाडांना बारीक भेगा पडतात. अशा मुलीच्या शरीरात हुकुमाची साखळी आधीच ढिली झालेली असताना तिच्यावर आणखी एक दाब कशासाठी आणायचा?

ताणाचे संप्रेरक कॉर्टिसॉल याची गोष्ट वेगळी आहे. टीएचसी घेतल्यावर ते लगेच चढते, म्हणजे माणसाला आतून सैल वाटत असताना शरीर ताणाचा संदेश पाठवत असते. नेहमी ओढणाऱ्यांत ही वाढ बोथट होते. बाहेरून हे सवयीने जुळवून घेतल्यासारखे दिसते. पण शर्यतीत, लढतीत किंवा दुखापतीच्या वेळी साखर आणि रक्तदाब सांभाळायला कॉर्टिसॉल वेळेवर चढावेच लागते. १९७६ मधील एका प्रयोगात टीएचसी घेतलेल्या पुरुषांची रक्तातली साखर इन्सुलिनने मुद्दाम उतरवली, तेव्हा कॉर्टिसॉल आणि वाढीचे संप्रेरक यांचा प्रतिसाद दबलेला आढळला. वाढीचे संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेत स्रवते. आणि गांजाने झोप लागते म्हणून तो ओढणाऱ्याने तो सोडला की पहिल्या काही रात्री झोप मोडते, विचित्र स्वप्ने पडतात, आणि तेवढ्यावरून पुन्हा चिलमीकडे हात जातो.

टीएचसीसारखेच सीबी-१ ग्राहकाला चिकटणारे एक द्रव्य शरीर स्वतःही तयार करते. आनंदामाइड हे त्याचे नाव. त्याचा शोध १९९२ मध्ये लागला, आणि मध्यम वेगाने धावल्यावर किंवा सायकल चालवल्यावर रक्तातली त्याची पातळी वाढते, असे २००३ मध्ये दिसून आले. घाट चढून गेल्यावर जो हलकेपणा वाटतो, त्यात याचा वाटा असावा. बाहेरून आलेले टीएचसी याच ग्राहकांवर वारंवार आदळत राहिले की नित्य ओढणाऱ्यांच्या मेंदूतील सीबी-१ ग्राहक कमी होतात; ओढणे थांबवल्यावर सुमारे चार आठवड्यांत ते बरेचसे परत येतात.

एक गोष्ट स्पर्धेत उतरणाऱ्यांना नीट माहीत असली पाहिजे. टीएचसी चरबीत साठते. सिडनीत २०१३ मध्ये नित्य ओढणाऱ्या १४ जणांना ३५ मिनिटे सायकल चालवायला लावली, तेव्हा काही नवे न घेताही त्यांच्या रक्तातील टीएचसी किंचित वाढले, आणि ज्यांचे शरीर उंचीच्या मानाने जाड होते त्यांच्यात ही वाढ अधिक होती. दोन तासांत ती ओसरली. जागतिक उत्तेजक-विरोधी संस्थेने गांजावर स्पर्धेच्या काळात बंदी घातली आहे. लघवीतील त्याच्या अवशेषाची मर्यादा २०१३ मध्ये मिलिलीटरला १५ नॅनोग्रॅमवरून १५० वर नेली गेली, तरी नित्य ओढणाऱ्याच्या लघवीत तो अवशेष आठवडेच्या आठवडे सापडू शकतो. म्हणून जत्रेतली कुस्ती सोडून राष्ट्रीय निवडीच्या मॅटवर जाणाऱ्या मुलाने स्पर्धेआधी चार दिवस बंद ठेवले की झाले, असा हिशेब मांडू नये. कायद्याने गांजा बाळगणे हा १९८५ पासून गुन्हा आहेच, आणि पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणाऱ्याला तसा एक गुन्हा नोकरीच्या दारातूनच परत फिरवू शकतो.