घडीव लोखंडाचं फर्निचर (गोवा)

घडीव लोखंड म्हणजे बाजारातलं रॉट आयर्न. त्याच्या खुर्च्या, बाकडी, पलंग, झोपाळे बनतात. रोमन काळातल्या दुमडत्या लोखंडी स्टुलांचे अवशेष सापडलेत, म्हणजे प्रकार जुनाच, पण युरोपात लोखंडी पलंग घरोघरी गेले १९व्या शतकात, लाकडाच्या सांध्यात ढेकूण होतात हे त्याचं एक मोठं कारण.

खऱ्या घडीव लोखंडात कार्बन अगदी कमी, साधारण ०.१ टक्क्याच्या आत, आणि आत धातूच्या मळीचे (स्लॅगचे) बारीक तंतू असतात. १७८४ मध्ये इंग्रज लोहउत्पादक हेन्री कोर्टच्या, भट्टीत लोखंड ढवळून शुद्ध करायच्या पद्धतीने ते मुबलक झालं, १८५६ नंतर हेन्री बेसेमरच्या पद्धतीने बनलेल्या स्वस्त पोलादाने त्याला हळूहळू मागे सारलं. त्यामुळे आज म्हापसा-मडगावच्या फॅब्रिकेटरकडे रॉट आयर्न म्हणून मिळतं ते बहुतेक माइल्ड स्टील (कमी कार्बनचं साधं पोलाद), नक्षी तयार आणून वेल्डिंगने चिकटवलेली.

गोव्यातल्या जुन्या घरांचं फर्निचर मुख्यतः शिसवी-सागवानी, बाल्कांवातली (दारापुढच्या ओसरीतली) बसायची जागासुद्धा दगडी, सिमेंटची. लोखंड दिसतं ते गॅलरीच्या कठड्यात आणि खिडकीच्या गजांत. पणजीत फोंताइन्यस या जुन्या वस्तीतले कठडे बहुधा १९व्या शतकातले नाहीतर नंतरचे (राजधानी अधिकृतपणे पणजीला आली १८४३ मध्ये), पण ते सरसकट पोर्तुगीज घडीव काम म्हणून दाखवले जातात ते काही पटत नाही. एकच फूल प्रत्येक पट्टीत हुबेहूब तसंच आणि कडेला साच्याची बारीक रेघ असेल तर ते बीड, म्हणजे ओतीव, कार्बन २ ते ४ टक्के, घण बसला तर वाकत नाही, तुटतं. घडीव कामात वेलांटीचं टोक ठोकून पातळ केलेलं असतं, दोन वेलांट्या रिव्हेटने नाहीतर पट्टी गुंडाळून जोडलेल्या असतात आणि जोडी नीट जुळत नाही. म्हणून कठडा बघून ठरवावं, गल्ली बघून नव्हे.

आताचा वापर व्हरांडा, बाग, रेस्टॉरंट. किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेतले क्लोराइड रंगाच्या बारीक चिरेतून आत शिरतात, मग रंग फुगतो. नवीन माल जस्ताचा थर देऊन वर पावडर कोटिंग केलेला घ्यावा, जुना घासून रेड ऑक्साइडचा गंजरोधक प्रायमर मारून रंगवावा. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी, पावसाळ्यातच घाईने रंगवायची आपली सवय लोखंडाला मानवत नाही कारण ओल आतच अडकते, त्यापेक्षा डिसेंबर बरा. पोकळ पायांची खुर्ची मात्र आतून जाते: पायाचं रबरी बूच काढलं की तांबडं पाणी गळतं. बुचाला खालून एक भोक पाडलं तर पाणी साचत नाही.