प्रतिजैविकांचे नॅनोवाहक

प्रतिजैविक औषध ज्या अतिसूक्ष्म कणांत भरून संसर्गाच्या जागी पोहोचवले जाते, त्या मेदाच्या, बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) किंवा अन्य पदार्थाच्या कणांना नॅनोवाहक म्हणतात. त्यांनी जंतूंच्या प्रतिरोधावर, म्हणजे औषधाला दाद न देण्याच्या क्षमतेवर, मात करता येते असे म्हटले जाते. नॅनोकणांची काटेकोर मर्यादा १०० नॅनोमीटर असली, तरी औषधनिर्माणात ती सैलपणे पाळली जाते. पुढे वर्णिलेला फुप्फुसासाठीचा वाहकही सुमारे ३०० नॅनोमीटरचा आहे.

यांतील सर्वांत रुळलेला वाहक म्हणजे लायपोसोम. फॉस्फोलिपिडे (पेशींच्या आवरणात असणारे मेदपदार्थ) पाण्यात मिसळली की त्यांच्या दुपदरी आवरणाच्या बंद पिशव्या, म्हणजेच लायपोसोम, आपोआप तयार होतात, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ ॲलेक बँगहॅम यांनी १९६०च्या दशकात दाखवले. बुरशीविरोधी ॲम्फोटेरिसिन-बी याच रूपात दिल्याने त्याचा मूत्रपिंडांवरील घातक परिणाम कमी होतो. त्याच्या भारतीय लायपोसोमी रूपाच्या रुग्णचाचण्या मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात झाल्या. ते प्रतिजैविक नव्हे, पण तत्त्व तेच.

जीवाणूंच्या बाबतीत अडचण अनेकदा औषध पोहोचण्याचीच असते. क्षयजंतूच्या कुळातला मायकोबॅक्टेरियम ॲव्हियम समूह फुप्फुसातील महाभक्षक पेशींच्या आत, म्हणजे त्याला गिळून मारू पाहणाऱ्या पेशींतच, तग धरतो आणि चिकट जैवपटलही (जंतूंचा संरक्षक थर) तयार करतो. ॲमिकासिन हे प्रतिजैविक त्यावर गुणकारी आहे. परंतु ते पेशींत फारसे शिरत नाही आणि इंजेक्शनाची मात्रा वाढवावी तर कान व मूत्रपिंडे धोक्यात येतात. म्हणून ५९० मिलिग्रॅम ॲमिकासिन लायपोसोमांत भरून दिवसातून एकदा नेब्युलायझरने हुंगवण्याचा उपाय निघाला. महाभक्षक पेशी हे कण गिळतात आणि औषध नेमके जंतूच्या बिळात पोहोचते. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या ३३६ रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांच्या उपचारात थुंकी जंतुमुक्त होण्याचे प्रमाण या उपायाची जोड मिळालेल्यांत २९ टक्के, तर केवळ जुने उपचार चालू असलेल्यांत सुमारे ९ टक्के होते. अमेरिकेत २०१८ मध्ये त्याला मर्यादित वापरासाठी परवानगी मिळाली. आवाज बसणे, खोकला आणि धाप हे त्याचे नेहमीचे दुष्परिणाम होत.

तथापि ‘प्रतिरोधावर मात’ हे शब्द येथे जपूनच वापरावेत. वाहक औषधाची जागा आणि तेथील सांद्रता बदलतो, त्याची क्रिया बदलत नाही. जंतूच्या रायबोसोममधील (प्रथिने बनवणाऱ्या घटकातील) ॲमिकासिन जेथे चिकटते तीच जागा उत्परिवर्तनाने बदलली असेल, तर औषध कितीही जवळ नेले तरी फारसा उपयोग होत नाही. अशा उच्च प्रतिरोधाचे रुग्ण वरील चाचणीत घेतलेच नव्हते.