कंप्रेशन व रिव्हर्ब (बीट-मिक्सिंगमधील)

घरच्या संगणकावर रचलेल्या बीटचे (तालप्रधान वाद्यरचनेचे) मिक्सिंग, म्हणजे त्यातील ध्वनींचे मिश्रण, करताना वापरल्या जाणाऱ्या दोन ध्वनिप्रक्रिया. कंप्रेशनमुळे मोठ्या व लहान आवाजांतील तफावत कमी होते. रिव्हर्बमुळे कोरड्या ध्वनीला एखाद्या जागेचा घुमारा लाभतो. प्राथमिक पुस्तकांत या दोहोंची प्रकरणे वेगळी असतात. वस्तुतः ठोका पडून गेल्यावर तो कसा ओसरावा, हे दोन्ही ठरवतात. त्यामुळे त्यांचा एकत्र विचार करणे अधिक सयुक्तिक होय.

कंप्रेशन : ध्वनीची पातळी थ्रेशोल्डच्या (ठरवून दिलेल्या मर्यादेच्या) वर गेली की कंप्रेसर ती ठरावीक प्रमाणात खाली आणतो. ४:१ हे प्रमाण असेल, तर थ्रेशोल्डपेक्षा १२ डेसिबल वर गेलेला ठोका ३ डेसिबलच वर राहतो. पकड किती लवकर बसावी हे अटॅकने व ती किती वेळाने सुटावी हे रिलीजने ठरते. किकसाठी (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमसाठी) अटॅक २०–३० मिलिसेकंद ठेवल्यास आरंभीचा टणका निसटून जातो आणि मागचा भाग दबतो, त्यामुळे ठोका ठसठशीत वाटतो. अटॅक १ मिलिसेकंदाच्या आसपास आणला की तोच ठोका बोथट होतो. रिलीज लयीशी बांधलेला असावा. ९० बीपीएमच्या (मिनिटाला ९० मात्रांच्या) बीटमध्ये एक मात्रा सु. ६६७ मिलिसेकंदांची व अर्धी मात्रा ३३३ मिलिसेकंदांची असते. पुढचा ठोका येण्यापूर्वी कंप्रेसर पूर्ववत झाला नाही, तर तो ठोका आधीच दबलेला निघतो. नृत्यसंगीतात हा दोष मुद्दाम, उसासे टाकल्यासारख्या परिणामासाठी वापरतात.

विकत वा मोफत मिळणारे बहुतेक ड्रम-सॅम्पल (ध्वनिमुद्रित ठोके) आधीच कंप्रेस केलेले असतात. त्यांवर सवयीने पुन्हा कंप्रेसर लावणे हा घरगुती मिक्सिंगमधील बहुधा सर्वांत सामान्य दोष होय. दबलेली पातळी भरून काढताना एकूण आवाज वाढतो आणि मोठा आवाज कानाला आपोआप बरा वाटतो. म्हणून आधीची व नंतरची पातळी सारखी करूनच तुलना करावी.

सॉफ्टवेअर कंप्रेसर बहुधा जुन्या यंत्रांच्या नकला असतात. फेअरचाइल्ड ६७० (१९५९ च्या सुमारास) व्हॅक्यूम ट्यूबवर, एलए-२ए प्रकाशसंवेदी घटकावर आणि ११७६ (१९६७) फेट (फील्ड-इफेक्ट) ट्रान्झिस्टरवर चालत असे. ११७६ चा अटॅक २० मायक्रोसेकंदांपर्यंत खाली येतो. एलए-२ए वर मात्र अटॅकची कळच नाही.

रिव्हर्ब : घुमाऱ्याचे मापन वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून हार्व्हर्ड विद्यापीठात केलेल्या प्रयोगांतून रूढ झाले. ध्वनी ६० डेसिबलने, म्हणजे तीव्रतेच्या दशलक्षांशापर्यंत, ओसरण्यास लागणारा काळ हे त्याचे माप आजही प्लग-इनवर (मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरला जोडल्या जाणाऱ्या उपप्रणालीवर) ‘डिके’ म्हणून दिसते. खोल्या, स्प्रिंगा आणि पोलादी पत्रे (ईएमटी १४०, १९५७) अशा टप्प्यांनंतर मान्फ्रेड श्रोडर यांनी १९६० च्या दशकारंभी संगणकीय रिव्हर्बचा पाया घातला.

बीटमध्ये प्री-डिले, म्हणजे मूळ ठोका व घुमारा यांतील अंतर, विशेष महत्त्वाचे असते. सु. ३० मिलिसेकंदांच्या आत आलेले परावर्तन कान वेगळे ऐकत नाही. हा परिणाम हेल्मूट हास यांच्या नावे (१९४९) ओळखला जातो, मात्र लोथार क्रेमर यांनी त्याआधीच त्याचे विवेचन केले होते. प्री-डिले अगदी शून्य असेल तर स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) मागे सरकल्यासारखा वाटतो. थोडा ठेवल्यास ठोका पुढे व जागा मागे राहते. किकला रिव्हर्ब सहसा देत नाहीत आणि इतरांच्या रिव्हर्बमधील खालचे स्वर छाटतात, अन्यथा बास गढूळ होतो.

गेटेड रिव्हर्ब : कंप्रेशन व रिव्हर्ब यांच्या संयोगाचे सर्वपरिचित उदाहरण. लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत गायक पीटर गॅब्रिएल यांच्या तिसऱ्या अल्बमच्या (१९८०) ध्वनिमुद्रणात ते घडले, असे सामान्यतः मानतात. ड्रमवादक फिल कॉलिन्स यांचे बोलणे ऐकण्यासाठी कन्सोलला (मिश्रणयंत्राला) जोडलेल्या मायक्रोफोनवर तीव्र कंप्रेसर होता. त्यातून ड्रम ऐकू येताच खोलीचा घुमारा फुगून समोर आला आणि पुढे नॉइज गेटने (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणाऱ्या साधनाने) तो मध्येच तोडण्यात आला. श्रेय कोणाचे, याबाबत एकवाक्यता नाही. अभियंता ह्यू पॅडगम, कॉलिन्स, गॅब्रिएल आणि निर्माता स्टीव्ह लिलीव्हाइट या सर्वांकडे ते कमीअधिक प्रमाणात दिले जाते. काहीजण १९७७ मधील निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी यांच्या ड्रम-ध्वनीत याचे मूळ पाहतात, पण तेथे स्वर उतरवणारे यंत्र वापरलेले असल्याने ते वेगळेच तंत्र म्हणावे लागते. शोध अपघाती असला, तरी तो ओळखून मुद्रणात आणण्याचे काम पॅडगम यांचे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

क्रम : वरील उदाहरणात कंप्रेसर घुमाऱ्यानंतर आहे. अशा रचनेत ठोका दबतो, मागचा घुमारा वर उचलला जातो आणि खोली मोठी भासते. आधी कंप्रेशन व मग रिव्हर्ब असा क्रम ठेवल्यास प्रत्येक ठोक्याला सारखाच घुमारा मिळतो. ड्रम-समूहाच्या बसवर (अनेक वाहिन्या एकत्र येतात त्या मार्गावर) कंप्रेसर लावताना ही गोष्ट नजरेआड होते. रिव्हर्ब त्याच बसमध्ये मिसळलेला असेल, तर तो ठरवल्यापेक्षा जास्त ऐकू येतो, म्हणून त्याची पातळी बस-कंप्रेसर चालू ठेवूनच लावतात. उलट, घुमारा ठोक्यांच्या वाटेतून दूर ठेवायचा असल्यास रिव्हर्बच्या वाहिनीवर साइडचेन (दुसऱ्या ध्वनीच्या इशाऱ्यावर चालणारा) कंप्रेसर बसवून त्याला मूळ स्नेअरचा इशारा देतात. मग स्नेअर वाजत असेपर्यंत घुमारा दबून राहतो आणि दोन ठोक्यांमधील रिकाम्या जागेत वर येतो.