नवं सॉफ्टवेअर आलं की काम आपोआप सुधारतं?

हा समज संगणकाइतकाच जुना आहे. प्रत्यक्षात अडलेलं काम जसंच्या तसं संगणकावर चढवलं, तर ते अडलेलंच राहतं. फार तर जरा लवकर अडतं.

१९८०च्या दशकातलं फोर्ड कंपनीचं उदाहरण पाहा. उत्तर अमेरिकेत पुरवठादारांची देणी भागवणाऱ्या विभागात ५००हून अधिक माणसं होती. संगणक आणून २० टक्के मनुष्यबळ कमी करायचा बेत होता. मग कळलं, की माझदा या जपानी मोटार कंपनीत हेच काम पाच जण करतात. माझदा आकाराने लहान, हे खरं. पण तेवढ्याने या फरकाचा उलगडा होत नव्हता.

घोळ होता पद्धतीत. खरेदीचा आदेश, माल मिळाल्याची पावती आणि पुरवठादाराचं बिल हे तिन्ही कागद जुळले तरच पैसे सुटत. विभागाचा बहुतेक वेळ न जुळणारे कागद निस्तरण्यात जाई. फोर्डने बिलच काढून टाकलं! माल उतरवून घेणारा कर्मचारी तिथेच संगणकावर आदेश तपासू लागला. जुळलं तर माल घ्यायचा, की पैसे निघाले. नाही जुळलं तर माल परत.

मनुष्यबळ ७५ टक्क्यांनी घटलं. श्रेय संगणकाला गेलं असेलही, पण माझ्या मते खरी उडी वेगळीच होती: निर्णय हिशेबनिसाच्या टेबलावरून माल उतरवणाऱ्याच्या हातात आला.