वाकडे आलेख सरळ करण्याचा खेळ

चेंडू सरळ वर फेका आणि त्याची उंची वेळेनुसार आलेखावर मांडा; परवलय मिळेल. आता थोडी लबाडी करू. १ सेकंदानंतरच्या उंचीत ४.९ मीटर मिळवा, २ सेकंदांनंतरच्या उंचीत १९.६, तिसऱ्या सेकंदाला ४४.१. नवा आलेख चक्क सरळ रेषा! चेंडू जोरात फेका वा हळू, हीच बेरीज सगळे आलेख सरळ करते.

अवकल समीकरणं (एखादी राशी कशी बदलते ते सांगणारी, ज्यांचं प्रत्येक उत्तर म्हणजे एक आलेख) सोडवायच्या अशा सुट्या युक्त्या विद्यार्थी आजही घोकतात. नॉर्वेचे गणिती सोफस ली यांनी त्यांच्यामागची भूमिती शोधली. (१८७०च्या युद्धात फ्रान्समध्ये त्यांना जर्मन हेर समजून पकडलं होतं, गणिताची टिपणं म्हणे सांकेतिक मजकूर वाटली.) आलेखाचा कागद रबराचा आहे असं समजा. तो न फाडता असा ताणता येईल का, की समीकरणाची सगळी उत्तरं एकाच वेळी सरळ रेषा होतील?

गंमत म्हणजे हे ठरवायला समीकरण सोडवावं लागत नाही. द्वितीय कोटीच्या, म्हणजे आलेखाचा चढ कसा बदलतो ते सांगणाऱ्या समीकरणात चढाचा घात तीनच्या वर गेला, की खेळ खलास. त्यात पास झालं तरी सहगुणकांच्या (चढाच्या घातांना गुणणाऱ्या पदांच्या) आणखी दोन अटी उरतात. पुढे फ्रेंच गणिती एली कार्तां यांनी या अटींचा अर्थ लावला: हा कागदातच मुरलेला एक प्रकारचा बाक आहे. संत्र्याची साल टेबलावर सपाट बसत नाही, तसंच.

ली यांनी सममितीही मोजल्या, म्हणजे उत्तरांचा संच जसाच्या तसा ठेवून कागद किती स्वतंत्र प्रकारे सरकवता येतो ते. सरळ होऊ शकणाऱ्या समीकरणाला त्या ८ असतात, इतरांना फार तर ३. चार ते सात कधीच नाही! मला हा निकाल अजूनही अजब वाटतो.

आता लंबक घ्या. झोका लहान असेल तर योग्य एककात वेळेच्या जागी तिचा टॅन मांडा, कोनाला वेळेच्या कोसाइनने भागा, आणि मधल्या स्थितीपासून टोकापर्यंतचा आलेख सरळ होतो. पण झोका मोठा झाला की समीकरणात कोनाऐवजी त्याचा साइन घ्यावा लागतो आणि दुसरी, सहगुणकांची चाचणी फसते. कागद कसाही ताणा, उपयोग नाही. प्रयोगवहीत ‘कोन लहान आहे असे मानू’ लिहितो तेव्हा आपण नेमकी हीच अडचण टाळत असतो. लहान झोक्याच्या समीकरणाला ८ सममिती असतात. मोठ्याकडे एकच उरते: लंबक आज सोडा की उद्या, तो तसाच झुलतो.