देखभाल शुल्क म्हणजे पॉइंटचा भाव नव्हे

टाइमशेअरचे, म्हणजे सुट्टीच्या रिसॉर्टमधल्या सामायिक मालकीचे, पॉइंट (ज्यांवर खोली बुक होते) भाड्याने देताना मालकाने भरायच्या वार्षिक देखभाल शुल्काच्या खाली उतरलात की तोटा, हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. अहो, पॉइंट पडून राहिले तरी ते शुल्क भरावंच लागतं! भाव ठरतो तो पॉइंटची किती मुदत उरली आहे यावर. डिझ्नी व्हेकेशन क्लबचंच, म्हणजे डिझ्नीच्या टाइमशेअर योजनेचंच घ्या. आपल्या मूळ रिसॉर्टचं (जिथली मालकी घेतली त्याचं) बुकिंग 11 महिने आधी करता येतं, इतर रिसॉर्टचं 7 महिने आधी. त्यामुळे गर्दीच्या हंगामातली खोली आधीच मिळवून देणारे पॉइंट चढ्या भावाने जातात. वापर-वर्षाचे, म्हणजे पॉइंट वापरायच्या बारा महिन्यांचे, पहिले 8 महिने उलटले की पॉइंट पुढच्या वर्षात ढकलता येत नाहीत, आणि मग भाव घसरू लागतो. दोन महिन्यांत बाद होणारे पॉइंट शुल्काच्या निम्म्या भावात गेले, तरी तेवढी वसुलीच झाली की.