एएनएम, जीएनएम, बीएस्सी: हे तीन रस्ते आले कुठून

आमच्या कळव्याच्या बिल्डिंगमधली चौथ्या मजल्यावरची पोरगी यंदा बारावी सायन्स झाली, पीसीबी घेऊन, आणि तेव्हापासून तिची आई भाजी घ्यायला खाली उतरली की माझ्या बहिणीला गाठते, कारण बहीण स्टाफ नर्स. "ताई, नक्की काय करायचं हो हिने, जीएनएम की बीएस्सी? आणि ते एएनएम पण असतं ना, दोन वर्षांत होतं म्हणे." बहीण ड्युटीवरून आलेली असते, ती "बीएस्सी कर" म्हणते आणि लिफ्टमध्ये शिरते.

प्रश्न मात्र सोपा नाहीये. बहुतेकांच्या डोक्यात एक शिडी असते, खाली एएनएम (सहाय्यक परिचारिका प्रसाविका), मध्ये जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, म्हणजे नर्सिंग आणि बाळंतपणाचा डिप्लोमा), वर बीएस्सी नर्सिंगची डिग्री. पण हे तीन कोर्स कुणी एकत्र बसून शिडी म्हणून आखलेच नाहीत. तीन वेगळ्या काळात तीन वेगळ्या अडचणी होत्या, त्यातून एकेक निघाला, आणि त्यांना जोडणारे पूल नंतर बांधले. मला तरी हे कळल्यावरच सगळा घोळ समजला.

सगळ्यात जुना रस्ता हॉस्पिटलमधल्या ट्रेनिंगचा, आजचं जीएनएम त्यातूनच आलं. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाने १८६० ला शाळा निघाली आणि तीच पद्धत इकडे आली, म्हणजे वॉर्डात काम करायचं आणि काम करता करता शिकायचं. मुंबईत १८८६ ला बायका-मुलांसाठी कामा हॉस्पिटल उघडलं, जेजे तर त्याच्याही आधीचं, आणि नर्सिंग शिकायला आलेली पहिली भारतीय बाई म्हणून बाई काशीबाई गणपत हे नाव आणि १८९१ हे साल जुन्या इतिहासात सापडतं. त्या काळी वॉर्डात बऱ्याचदा ख्रिस्ती संन्यासिनी असायच्या, त्यांना सिस्टर म्हणायचे, आणि आपण अजून तेच म्हणतो. आता पुरुष नर्स आले तर त्यांना सरळ ब्रदर म्हणून मोकळे झालो. कागदावर मात्र वेगळीच मंडळी, अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका. अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्स, परिसेविका म्हणजे वॉर्डची सिस्टर आणि अधिसेविका म्हणजे मेट्रन हे आमच्या बहिणीला नोकरी लागल्यावर कळलं.

मराठी घरातल्या मुली यात लगेच आल्या असं नाही. बाळंतपण म्हणजे सुईणीचं काम, आणि परक्या माणसाचं अंग पुसायचं, घाण काढायची, रात्री घराबाहेर राहायचं, हे चांगल्या घरच्या बाईने करायचं नाही अशी समजूत होती, त्यात जात होतीच. रमाबाई रानड्यांच्या पुण्याच्या सेवासदनाने १९०९ पासून जी कामं हातात घेतली त्यात नर्सिंगचं शिक्षण होतं, ससूनमध्ये ट्रेनिंग आणि राहायला हॉस्टेल. त्यात विधवा बायका होत्या, लोकांनी नावं ठेवली ती ठेवलीच. मला विचाराल तर ते हॉस्टेल ही खरी मोठी गोष्ट. मुलगी राहणार कुठे याचं उत्तर असल्याशिवाय घरचे सोडणार कसे. चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा दुसरा प्रश्न अजूनही तोच असतो.

पण वॉर्डात राबून शिकायच्या या पद्धतीत शिकणाऱ्या मुलीच हॉस्पिटलचं अर्धं मनुष्यबळ असायच्या. आमची मावशी १९८० च्या दशकात एका सरकारी दवाखान्याच्या नर्सिंग स्कूलमधून जीएनएम झाली, ती सांगते की स्टायपेंड मिळायचा म्हणून घरच्यांनी पाठवलं, फीचा प्रश्नच नव्हता, पण सकाळी लेक्चर आणि रात्री नाइट, आणि चादरीचा कोपरा नीट दुमडला नाही तर सगळ्यांसमोर बोलणी. तिला अजून आमच्या घरातल्या चादरी खटकतात.

रजिस्ट्रेशनचा कायदा मुंबई प्रांतात १९३५ ला आला. त्याच्या आधी ट्रेनिंग घेतलेली नर्स आणि कुणीतरी शिकवलेली बाई यांच्यात कागदावर फरक करायचा कसा हाच प्रश्न होता. मग १९४३ ला देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करायला भोर समिती नेमली गेली, तिचा रिपोर्ट १९४६ चा, आणि त्यातला आकडा वाचून मी थांबलेच, साधारण ४३,००० माणसांमागे एक नर्स. म्हणजे आजच्या हिशोबाने नवी मुंबईतल्या एखाद्या छोट्या नोडला, म्हणजे अख्ख्या उपनगराला मिळून एक.

या टंचाईवर दोन बाजूंनी उपाय निघाले, आणि आपले बाकीचे दोन रस्ते इथूनच फुटतात. एक वरून. १९४६ लाच दिल्ली आणि वेल्लोरला नर्सिंगची डिग्री सुरू झाली, हेतू हा की शिकवणाऱ्या आणि विभाग चालवणाऱ्या नर्सेस युनिव्हर्सिटीतून याव्यात. आपल्याकडे एसएनडीटी महिला विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज चर्चगेटला १९६४ ला निघालं. दुसरा उपाय खालून. १९४७ च्या कायद्याने इंडियन नर्सिंग कौन्सिल आलं, त्यांनी १९५० च्या सुमारास ठरवलं की देशात ट्रेनिंगच्या दोनच पातळ्या ठेवायच्या, जीएनएम आणि एएनएम. एएनएम म्हणजे सहाय्यक परिचारिका प्रसाविका, ती हॉस्पिटलसाठी नव्हतीच, ती गावासाठी होती, बाळंतपणं, लसीकरण, घरोघर फिरणं. १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर तिचं काम बहुउद्देशीय झालं, म्हणजे एकाच बाईकडे आरोग्याची अनेक कामं आली, आणि कोर्स मध्यंतरी दीड वर्षावर आला, आता परत दोन वर्षांचा आहे.

हे ठाण्यात बसून नीट दिसतं. २०१४ ला पालघर वेगळं होईपर्यंत आपला जिल्हा म्हणजे ठाणे स्टेशनपासून जव्हार-मोखाड्यापर्यंत. सपाटीवर ५,००० लोकांमागे आणि डोंगरी, आदिवासी भागात ३,००० मागे एक आरोग्य उपकेंद्र असा निकष, आणि त्या उपकेंद्राचा सगळा भार एएनएमवर. शहापूर-मुरबाडकडच्या एखाद्या पाड्यावर लोकांना डॉक्टरचं नाव माहीत नसेल पण सिस्टर माहीत असते. तेव्हा एएनएमला "खालचा कोर्स" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, तो वेगळ्या कामाचा कोर्स आहे. फक्त ते काम करायचं नसेल आणि मल्टिस्पेशालिटीत आयसीयू करायचं स्वप्न असेल तर तो घेऊ नये एवढंच, कारण एएनएम झाल्यावर जीएनएम करायचं तर पुन्हा पहिल्या वर्षापासून.

जीएनएमवाल्यांना मात्र पूल मिळाला, पोस्ट बेसिक बीएस्सी, दोन वर्षं. मावशीने तो चाळिशीत केला, मुलं दहावी-बारावीला असताना. जीएनएमचा काळ कधी तीन वर्षं, कधी साडेतीन असा हलत राहिला, आता तीन आहे, आणि त्याला कुठल्याही शाखेची बारावी चालते, बीएस्सीला चार वर्षं आणि सायन्सच लागतं. गंमत अशी की रजिस्ट्रेशन दोघींचं एकच, नर्स आणि मिडवाइफ, सरकारी भरतीत अधिपरिचारिकेच्या त्याच पोस्टला दोघी फॉर्म भरतात. फरक पुढे पडतो, एमएस्सी करायची असेल, शिकवायचं असेल, किंवा बाहेरच्या देशात जायचं असेल तेव्हा.

नवी मुंबईचा भाग यात उशिरा येतो. १९८० च्या दशकात राज्यात विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं, सिडकोच्या नव्या शहरात जागा होती, आणि बघता बघता नेरुळ, बेलापूर, कामोठे इथे डी. वाय. पाटील, तेरणा, भारती विद्यापीठ, एमजीएम अशा संस्था उभ्या राहिल्या, मेडिकलसोबत नर्सिंगही. त्याआधी इकडच्या मुलीला नर्सिंग म्हणजे सरकारी शाळेची सीट नाहीतर मुंबई. आता सीट वाढल्या पण स्टायपेंडच्या जागी फी आली, मावशीला हे अजून पटत नाही, "काम पण करायचं आणि पैसे पण द्यायचे?"

१९९८ ला नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं, बरीच बीएस्सी कॉलेजं त्याखाली गेली, अभिमतवाल्यांची, म्हणजे डीम्ड युनिव्हर्सिटीवाल्यांची, परीक्षा आणि ॲडमिशन वेगळी. २०२३ पासून बीएस्सी नर्सिंगसाठी राज्याची स्वतंत्र सीईटी आहे, आणि त्याच वर्षी १९४७ चा तो जुना कायदा बदलून राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा संसदेत मंजूर झाला.

काकूंना शेवटी बहिणीने लिफ्ट सोडून दहा मिनिटं दिली. सांगितलं की कॉलेजची इमारत बघू नका, त्यांचं स्वतःचं हॉस्पिटल किती बेडचं आहे आणि त्यात पेशंट असतात का ते बघा, कारण वॉर्ड रिकामा असेल तर पोरगी शिकणार कुणावर. मग रविवारी मायलेकी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडून नेरुळला गेल्या, ओपीडी बंद होती, वॉर्डात सोडलं नाही, कॅन्टीनमध्ये चहा पिऊन परत आल्या. सोमवारी परत जाणार आहेत.